फाइलवाल्या ताई डोंगरावर जातात

सायकलच्या दुकानाच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, एक कचेरी होती. हौशी माणसांना उंच डोंगरावर घेऊन जायचं आणि धडधाकट परत आणायचं, हा तिथला व्यवसाय. जिना चढताना खालच्या दुकानातल्या पंक्चरच्या सोल्युशनचा वास येई, आणि दार उघडलं की त्यात दोरांचा, स्टोव्हच्या रॉकेलचा नि वाळत घातलेल्या तंबूंचा वास मिसळे. बाहेरच्या खोलीत दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि एक टेलिफोन. आतल्या खोलीत खुंट्यांना दोर, कमरेचे पट्टे आणि झोपायच्या पिशव्या टांगलेल्या. खिडकीजवळच्या टेबलाशी ताई बावीस वर्षं बसल्या.

तोंडावर सगळे त्यांना ताई म्हणत, पाठीमागे फाइलवाल्या ताई. मोहिमेवर निघणाऱ्या प्रत्येक माणसाची एक फाइल असे. डॉक्टरचा दाखला, रक्तगट, बुटाचा नंबर, काय खाल्लेलं सोसत नाही, काही झालं तर कुणाला कळवायचं, सगळं त्यात. ताईंच्या हाताखालून गेल्याशिवाय कुणी डोंगराच्या पायथ्यालाही लागत नसे. सोबत न्यायच्या त्रेसष्ट वस्तूंची यादी त्यांनीच केलेली, नियमांचा कागद त्यांनीच टाइप केलेला. त्यातला सातवा नियम त्यांनी ठळक अक्षरात घेतला होता: सकाळी अकरा वाजता, शिखर डोळ्यांसमोर दिसत असलं तरी, मागे फिरायचं. या नियमापायी शिखर हुकलेल्या लोकांची रागाची पत्रं येत. ताई प्रत्येकाला गोड शब्दांत उत्तर लिहीत आणि मनात म्हणत, काय पोरकट माणसं आहेत!

मंडळी वर गेली की घरच्यांचे फोनही ताईच घेत. आया, बायका, सासरे, एकदा तर एका माणसाचा घरमालक. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "हवा चांगली आहे, मंडळी जेवून आडवी झालीत, काळजीचं काही कारण नाही." वरून खबर आली असेल तर त्या हे म्हणत, आणि आली नसेल तरीही हेच म्हणत. पलीकडच्या माणसाचा जीव भांड्यात पडे.

"खोटं काय आहे त्यात?" त्या घरी नवऱ्याला म्हणत. "माणसं कधी ना कधी जेवणार, कधी ना कधी आडवी होणारच."

एवढं सगळं खरं, पण ताई स्वतः कचेरीच्या दुसऱ्या मजल्यापेक्षा फारशा उंच कधी गेल्या नव्हत्या. कुणी विचारलंच तर म्हणत, "मी गेले तर फोन कोण घेणार?"

त्यांचे यजमान नळाच्या मीटरचं रीडिंग घेणाऱ्या खात्यात चौतीस वर्षं होते. गावातला प्रत्येक जिना, प्रत्येक तळघर, प्रत्येक चावरा कुत्रा त्यांना ठाऊक. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी लोक त्यांना मीटरकाकाच म्हणत. स्वभाव काळजीचा. ताईंना यायला दहा मिनिटं उशीर झाला की ते कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे, आणि त्या दिसल्या की सहज फिरायला निघाल्यासारखं भलतीकडे बघायचे.

ताईंना सत्तावन्न पूर्ण झाली तेव्हा कचेरीत निरोपाचा चहा झाला. कचेरीचा मालक तोच मोहिमेचा म्होरक्या. सगळे त्याला कप्तान म्हणत. वीस वर्षांपूर्वी तो ओझी वाहायला आला, तेव्हा त्याचा पहिला अर्ज ताईंनीच भरून दिला होता. आता कचेरी त्याची होती, पण ताईंनी चष्म्यावरून बघितलं की तो अजून उभा राही.

"ताई, सगळ्यांनी मिळून भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलंय," तो म्हणाला. "गोल आणू की चौकोनी?"

ताईंनी कप बशीत ठेवला. "घड्याळ नको. मला वर ने."

कप्तान हसला. ताई हसल्या नाहीत, तेव्हा तोही थांबला. ताईंच्या जागी नुकतीच लागलेली मुलगी बिस्किटांची बशी हातात धरून तशीच उभी राहिली.

घरी जाताना ताईंना स्वतःच्या तोंडाचंच नवल वाटत होतं. असं काही बोलायचं त्यांनी ठरवलेलं नव्हतं. मीटरकाकांनी सगळं ऐकून घेतलं, आणि चहातली साखर विरघळून गेल्यावरही ते बराच वेळ ढवळत राहिले.

"नाही म्हणायला अजून वेळ आहे," ते म्हणाले.

"नाही म्हणायचंच नाहीये हो मला."

"आणि गुडघा?"

"गुडघा माझ्याबरोबर येईल."

दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीचा त्याच संध्याकाळी फोन आला. "आई, तुला वेड लागलंय का?" तिनं विचारलं. मग थोडं थांबून म्हणाली, "माझी लोकरीची टोपी पाठवू?"

ताईंनी स्वतःची फाइल स्वतः उघडली. अक्षर ओळखीचं, रकानेही ओळखीचे. 'पूर्वानुभव' या रकान्यात त्यांनी आधी 'बावीस वर्षे' लिहिलं, मग खोडलं आणि जागा कोरी ठेवली. दोन दिवसांनी नव्या मुलीनं तो फॉर्म घरी परत पाठवला, वर चिठ्ठी टाचून: 'ताई, रकाना रिकामा आहे. रिकामा रकाना परत पाठवायचा असं तुम्हीच शिकवलंय.' ताईंना आधी राग आला आणि मग हसू. त्यांनी रकान्यात 'नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. आपल्या जागी आलेली मुलगी खमकी आहे, याचं समाधान वाटलं ते वेगळंच.

मोहिमेला चार महिने होते. तयारीची सूत्रं मीटरकाकांनी हातात घेतली. गावात सर्वात सलग जिना कुठला, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? बारा मजल्यांची एक इमारत त्यांनी निवडली. तिथला पहारेकरी त्यांचा जुना दोस्त. रोज सकाळी सहाला ताई पाठीवर पिशवी अडकवून तो जिना चढायच्या, पिशवीत पाण्याचे दोन डबे. काका खाली पहारेकऱ्याशेजारी स्टुलावर बसून फेऱ्या मोजायचे.

पहिल्या दिवशी पाचव्या मजल्यावर ताईंनी कठडा धरला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. दूध घ्यायला बाहेर आलेली एक बाई कळवळून म्हणाली, "अहो काकू, लिफ्ट चालू आहे!"

"माहीत आहे," ताई धापा टाकत म्हणाल्या. "मला वर नाही जायचं, मला चढायचंय."

त्या बाईनं दार हळूच लावून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात ताई न थांबता बाराव्या मजल्यावर पोचल्या. दुसऱ्या महिन्यात तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या महिन्यात खाली बसून कंटाळलेले काकाही सोबत चढू लागले, सातव्या मजल्यापर्यंत. तिथे ते बसायचे आणि ताई परत येईपर्यंत जिन्यातल्या पाइपांचं निरीक्षण करायचे. नवे बूट ताईंनी घरातही काढले नाहीत. भाजी फोडणीला टाकताना पायात ते दगडासारखे बूट आणि अंगावर घरचा गाउन, हे ध्यान शेजारणीनं खिडकीतून पाहिलं आणि चार घरी सांगितलं.

निघायचा दिवस आला. ताई गेल्या आणि दुसऱ्याच सकाळी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं काकांना विचारलं, "ताई दिसल्या नाहीत कालपासून?"

"ताई वर गेल्यात," काका आपल्याच तंद्रीत म्हणाले.

इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढली. "अरेरे! कालपर्यंत तर चांगल्या होत्या हो!"

काकांना गोंधळ निस्तरायला पाच मिनिटं लागली. नंतर ते सगळ्यांना 'डोंगरावर' असं पूर्ण सांगू लागले.

तिकडे ताई चौथ्या दिवशी तळाच्या कॅम्पला पोचल्या. दगडधोंड्यांच्या एका सपाटीवर दहा-बारा तंबू, मधोमध स्वयंपाकाचा मोठा तंबू. त्या तंबूतून हातातला डाव तसाच घेऊन आचारी बाहेर आला. पंधरा वर्षं हा माणूस इथून सॅटेलाइट फोनवर ओरडून खबर देत होता आणि ताई तिकडून ओरडून ती उतरवून घेत होत्या. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं.

आचारी ताईंकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिला. तसं त्याला फार बघावं लागलं नाही. "ताई, तुम्ही एवढ्याशाच?" तो म्हणाला. "आवाजावरून मला वाटायचं, दारातून वाकून येत असाल."

"आणि मला वाटायचं, तू दाढीवाला असशील."

दोघं इतकं हसले की ताईंना धाप लागली. तिथली हवाच तशी, हसणंसुद्धा जपून करावं लागे.

मोहिमेत कप्तान आणि वाटाडे सोडून आठ जण होते. ताईंच्या तंबूत दातांची एक डॉक्टरीण होती, चाळिशीची, बोलकी. पहिल्याच संध्याकाळी तिनं सामानातून कपडे वाळत घालायचे सहा चिमटे काढले आणि विचारलं, "ताई, हे कशासाठी? यादीत अठ्ठावन्नावा नंबर आहे."

ताई विचारात पडल्या. बावीस वर्षांत शेकडो माणसांना त्यांनी सहा-सहा चिमटे इथवर वाहून आणायला लावले होते. का, ते काही केल्या आठवेना. "असू देत," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्याकडेही सहा आहेत."

पुढचे दिवस वर जाण्याचे आणि पुन्हा खाली येण्याचे होते. थोडं उंच चढायचं, खाली येऊन झोपायचं, म्हणजे अंगाला विरळ हवेची सवय होते. हे ताईंनी हजारदा टाइप केलं होतं. पण टाइप केलेल्या कागदाला डोकेदुखी नसते. सकाळी उठलं की कवटीत कुणीतरी खुर्च्या सरकवतंय असं वाटे. जेवायला बसलं की घास तोंडातच फिरे. बुटांना लोखंडी काटे बांधून बर्फावर चालताना आपण आयुष्यात प्रथमच चालतोय असं वाटे. त्यात कप्तानचा सूर बदललेला. खाली 'ताई, जरा हे बघता का' म्हणणारा माणूस इथे दर अर्ध्या तासाला नुसतं "ताई, पाणी" म्हणायचा. विचारत नव्हता, सांगत होता.

"तहान नाही रे मला."

"विचारलं नाही मी. प्या."

ताईंना ते झोंबलं. पण त्याच्याकडे बघताना त्यांच्या ध्यानात आलं, की हा बोलत असताना त्यांच्या तोंडाकडे नाही, ओठांच्या रंगाकडे आणि पावलांकडे बघतोय. खाली कचेरीत तो पाहुण्यासारखा वावरायचा; घर त्याचं इथे होतं. त्या मुकाट्यानं पाणी प्यायल्या, आणि त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही.

म्हणजे एकदाच घातला. मधल्या कॅम्पवर सगळे पोचले त्या दिवशी वारा सुटला आणि पाठोपाठ बर्फ सुरू झालं. तंबूचं कापड फडफडत होतं, बाहेर हात लांबवला तर बोटं दिसत नव्हती. कप्ताननं तंबूत डोकं घालून सांगितलं, "आज कुणी हलायचं नाही. उद्याचं उद्या बघू."

"पण वेळापत्रकाप्रमाणे उद्या शिखराचा दिवस आहे," ताई म्हणाल्या.

"ताई, वेळापत्रक तुम्ही टाइप केलंत. डोंगरानं वाचलेलं नाही ते."

डॉक्टरीणबाई पिशवीत तोंड खुपसून हसल्या. पुढे दोन दिवस दोघी त्या तंबूत अडकून पडल्या. डॉक्टरीणबाईंनी आपल्या रोग्यांच्या दाढांच्या कथा सांगितल्या, ताईंनी रागाच्या पत्रांच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पोहण्याचा एक मास्तर, आठ जणांतला सर्वात दणकट गडी, डोकं धरून रडकुंडीला आला. वारा जरा पडल्याबरोबर त्याला आणि आणखी एकाला मदतनिसासोबत खाली पाठवावं लागलं. मास्तर जाताना ताईंच्या तंबूपाशी थांबला. हात हलवला आणि उतरू लागला. ताईंना आपली ती गोड शब्दांतली उत्तरं आठवली. त्यातलं एकही त्या क्षणी त्याला ऐकवावंसं वाटलं नाही.

इकडे खाली काय झालं, ते ताईंना नंतर कळलं, पण आपण आत्ताच सांगून टाकू. तळाच्या कॅम्पवरचा फोन उन्हावर चार्ज व्हायचा. दोन दिवस ऊनच नाही, त्यामुळे फोन बंद. खबर तुटली. मीटरकाका रोज सकाळी दहाला कचेरीत फोन करत. त्या दिवशीही केला.

नवी मुलगी शिकवल्याबरहुकूम म्हणाली, "काका, हवा चांगली आहे, मंडळी जेवून आडवी झालीत, काळजीचं..."

"बाळ," काका तिला अडवून म्हणाले, "सकाळचे दहा वाजलेत. आत्ता कोण आडवं होतंय? शिवाय हे वाक्य माझ्या बायकोचं आहे. तयार झालं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. मला खरं सांग."

मुलीनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग तिनं खरं सांगितलं. कालपासून फोन लागत नाही, वर बर्फ पडत असावं, मंडळी बहुधा तंबूत बसून असतील, पण हा सगळा अंदाज, नक्की काही माहीत नाही.

"बरं," काका म्हणाले. "मग मी तिकडेच येऊन बसतो."

ते आले आणि ताईंच्या जुन्या खुर्चीशेजारी बसले. गंमत अशी, की घरी त्यांना चैन पडत नव्हतं, ते इथे आल्यावर जरा बरं वाटलं. माहीत नाही, हे तरी आता नक्की माहीत होतं. दोन दिवस ते सकाळी येऊन बसत आणि संध्याकाळी जात. मुलीला पाकिटं चिकटवून दिली. खाली जाऊन सवयीनं मीटर पाहिला, सगळे नळ बंद असतानाही काटा फिरत होता. काकांनी शोध घेऊन संडासाच्या टाकीतली गळती काढली आणि स्वतः वॉशर बदलला. त्या दोन दिवसांत आणखी तीन घरांचे फोन आले. मुलीनं तिघांनाही खरं तेच सांगितलं. एक बाई फोनवर रडली, पण फोन ठेवताना तीच म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत."

तिसऱ्या दिवशी दुपारी वर आभाळ निवळलं. हाताशी आता एकच दिवस उरला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे अजून अंधार होता तेव्हाच कप्ताननं सगळ्यांना उठवलं. कपाळावरच्या दिव्यांच्या उजेडात, एका दोराला तिघं तिघं बांधून, उरलेले सहा जण निघाले. पुढे कप्तान, मधे ताई, मागे डॉक्टरीणबाई. बाकीच्यांचे दोर दुसऱ्या दोन वाटाड्यांकडे.

एक पाऊल, दोन श्वास. पुन्हा एक पाऊल, दोन श्वास. ताईंनी वर बघणं सोडून दिलं. समोर कप्तानच्या बुटांच्या टाचा, तेवढंच जग. उजाडलं तेव्हा बर्फ आधी करडं, मग गुलाबी, मग इतकं पांढरं झालं की गॉगलमधूनही डोळे चुरचुरले. शेवटचा चढ समोर आला तेव्हा सव्वादहा वाजले होते. चढ कसला, उभी भिंतच ती. ताई थांबल्या. त्यांच्या पायांत काही उरलं नव्हतं.

कप्तान मागे वळला. मनगटाकडे बघितलं. "ताई, पाऊण तास आहे. अकराला आपण जिथे असू तिथून परत फिरू. नियम तुमचाच आहे."

आणि त्या क्षणी ताईंना, ज्यांनी तो नियम ठळक अक्षरात टाइप केला होता त्यांना, वाटलं की कसला मेला नियम! बारापर्यंत थांबलं तर काय आभाळ कोसळणार आहे? इतकी माणसं का चिडायची ते त्यांना त्या उतारावर उभं राहून कळलं. पोरकट नव्हती ती. पार इथवर आलेली होती.

पण वाद घालायलाही श्वास लागतो, आणि श्वास चढायला हवा होता. त्यांनी आधाराला हातात धरलेली कुऱ्हाड बर्फात रोवली आणि पाऊल उचललं. मागून डॉक्टरीणबाई पुटपुटत होत्या, "चला ताई, चला ताई," आणि ते ताईंसाठी होतं की स्वतःसाठी, कोण जाणे. एका जागी ताईंच्या बुटाचा काटा निसटला आणि त्या गुडघ्यावर आल्या. दोर ताणला गेला, कप्तान नुसता उभा राहिला, ओढलं नाही की बोलला नाही. त्या आपल्या आपण उठल्या. मग पाऊल टाकलं तर चढच संपलेला. पुढे वर जायला काही नव्हतं.

"दहा पन्नास," कप्तान म्हणाला.

ताईंनी आजूबाजूला पाहिलं. शिखर म्हणजे बर्फाची एक लांबट सपाटी, घरातल्या दोघांच्या पलंगाएवढी. बावीस वर्षं ज्याच्यासाठी कपाटभर फाइली लावल्या ते हे? "एवढंसंच?" त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. जपून हसायचं, हेही विसरल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मिठी मारली. दोघींच्या जाड कोटांमुळे ती मिठी म्हणजे दोन गाद्या आपटल्यासारखी झाली. खाली चहूकडे डोंगरांची रांग पसरली होती, निळी, मग फिकट निळी, मग नुसता धूर. ताईंना त्यातलं एकही नाव आठवलं नाही, आणि आठवायची गरजही वाटली नाही.

कप्ताननं वॉकीटॉकीवर तळाला खबर दिली. खालून आचाऱ्याचा आवाज आला, "कोण? ताई? ताई पोचल्या?" आणि मग त्याच्या नेहमीच्या ओरडण्यातलं काहीच नीट कळेना.

नऊ मिनिटं त्या तिथे होत्या. मग कप्तान म्हणाला, "ताई, चला." ताई लगेच वळल्या.

आचाऱ्यानं फोन लावला तेव्हा मीटरकाका कचेरीत पाकिटांना तिकिटं लावत होते. मुलीनं फोन ऐकला, कागदावर लिहिलं, आणि वळून म्हणाली, "काका, ताई शिखरावर पोचल्या. दहा पन्नासला. आता उतरतायत."

"खरं?"

"अगदी खरं. आचाऱ्यानं लिहून घेऊन परत वाचून दाखवायला लावलं मला."

काकांनी तिकीट पाकिटाच्या भलत्याच कोपऱ्यावर चिकटवलं. "उतरताना गुडघा दुखेल तिचा," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला खिडकीकडे गेले.

दुखला. उतरणं हे चढण्यापेक्षा वाईट, हे नियमांच्या कागदावर कुठेच नव्हतं. पायाचा अंगठा बुटाच्या टोकाला आपटून काळानिळा झाला. एकदा ताई चक्क बसकण मारून दहा-बारा फूट घसरल्या आणि दोरानं अडवलं तेव्हा बर्फात बसूनच म्हणाल्या, "अरे, हे सोपं आहे की!" कप्ताननं डोक्याला हात लावला. संध्याकाळपर्यंत सगळे मधल्या कॅम्पला आले, दोन दिवसांनी तळाला.

बसस्थानकावर काका तासभर आधीच येऊन उभे होते. बस आली, माणसं उतरली, काका एकेका चेहऱ्याकडे बघत पुढे गेले. गॉगलच्या जागी दोन पांढरी वर्तुळं, बाकी तोंड भाजल्यासारखं तांबूस-काळं, नाकाची सालं निघालेली, अशी एक बाई पिशवीवर बसली होती. तिच्यावरून नजर फिरवून ते पुढच्या दाराकडे गेले.

"अहो," ती बाई म्हणाली, "सोडून चाललात की काय मला?"

रिक्षात काकांनी सगळं सांगितलं. फोन बंद झाल्याचं, दोन दिवस बसून राहिल्याचं, गळक्या टाकीचं, ताईंच्या वाक्याचं. ताई ऐकत राहिल्या.

"बावीस वर्षं," त्या शेवटी म्हणाल्या. "किती जणांना मी असं फसवलं हो?"

"फसवलं कशाला? धीर दिलास."

"तुम्हाला आला का त्या वाक्यानं धीर?"

काका खोटं बोलू शकत नव्हते. "नाही," ते म्हणाले.

"मग उद्या तिला सांगते, ते वाक्य बंद कर म्हणून."

"तिनं केलंय बंद. तू आता निवृत्त आहेस, विसरलीस का?"

ताईंनी त्यांच्या खांद्याला डोकं टेकलं. रिक्षा खड्ड्यांतून जात होती, पण त्यांना ती पाळण्यासारखी वाटली.

घरी आल्यावर त्यांनी आधी ऊन पाण्यानं अंघोळ केली, इतका वेळ, की काकांनी दोनदा दार वाजवलं. मग झोपल्या त्या चौदा तास. दुसऱ्या दिवशी दुपारी उठल्या तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि काकांनी साधा वरणभात करून झाकून ठेवला होता. ताई केस तसेच मोकळे सोडून, सुजलेला अंगठा समोरच्या पाटावर ठेवून जेवायला बसल्या. वर असताना दोन आठवडे त्यांना अन्न नुसतं बघवत नव्हतं. आता पहिला घास तोंडात गेला आणि त्यांनी डोळेच मिटले.

"मीठ कमी आहे का?" काकांनी विचारलं.

ताईंनी 'नाही' अशी मान हलवली. एकदा वाढून झालं, दुसऱ्यांदा झालं. शेजारीण दारात येऊन उभी राहिली, सांगा ना कसं होतं म्हणाली. ताईंनी तिला हातानंच बसायची खूण केली आणि पुढचा घास घेतला. तिसऱ्यांदा त्यांनी ताट पुढे केलं तेव्हा भांड्याचा तळ दिसू लागला होता.

काकांनी भांड्यात डोकावून पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं. त्यांनी डब्यातून आणखी दोन मुठी तांदूळ काढले आणि धुवायला घेतले.